रविवारचा घाट आणि सोमवारची सायकल

रविवारी पहाटे, उजाडायच्या आत, रावेतच्या बास्केट ब्रिजपाशी सायकलस्वारांचे घोळके जमू लागतात. हेल्मेट, चमकणारे दिवे, पाठीवरच्या खिशात केळी आणि खजूर. कुणी हिंजवडीत संगणकासमोर बसणारे, कुणी चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणारे, कुणी नुकतेच निवृत्त झालेले. किवळे, देहूरोड, सोमाटणे फाटा मागे पडतो. काही जण पवना धरणाकडे वळतात, काही जुन्या महामार्गाने वडगाव, कामशेत गाठतात. ज्यांच्या पायांत जोर आहे ते पुढे मळवलीहून भाजे गावात शिरतात आणि लोहगडवाडीचा खडा चढ चढू लागतात.

इटलीतल्या टस्कनीच्या टेकड्या, त्यांच्या माथ्यावरची जुनी दगडी गावे आणि तिथून वळणे घेत जाणारे सायकलस्वार यांची छायाचित्रे अनेकांना भुरळ घालतात. त्या देशात ‘जिरो दि इटालिया’ ही शर्यत १९०९ पासून भरते. पण डोंगर आणि इतिहास एकाच रस्त्यावर भेटण्यासाठी विमानात बसायची गरज नाही. रावेतहून निघालेल्या सायकलला वाटेत १७७९ च्या लढाईचे वडगाव लागते, दोन हजार वर्षांहून जुनी भाजे लेणी लागतात आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड लागतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीने या रस्त्यांची ओळख आणखी पसरली. त्यानंतर सायकल घ्यावी असे चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांना वाटू लागले असेल, तर ते स्वागतार्हच आहे. मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले पोट या तिन्हींवर सायकलइतका स्वस्त उपाय शोधून सापडणार नाही.

मात्र औषध म्हटले की मात्रा आली. सायकलीची मात्रा ठरवताना लोक अंतर मोजतात आणि चढ विसरतात. चूक इथेच होते.

साधे गणित पाहू. ७५ किलो वजनाचा माणूस १२ किलोच्या सायकलवर ताशी १० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावरून चालला असेल, तर त्याच्या पायांना जेमतेम २० वॉट शक्ती लावावी लागते. त्याच वेगाने तो ५ टक्क्यांच्या चढाला लागला, म्हणजे दर १०० मीटर अंतराला ५ मीटर उंची गाठू लागला, की हा आकडा सुमारे १३५ वॉटपर्यंत जातो. जवळपास सातपट. चढ ८ टक्के झाला तर २०० वॉट ओलांडले जातात. शिवाय स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्केच असते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि चढावर वेग कमी असल्याने अंगाला वाराही लागत नाही. ही सगळी मागणी पुरवायची कुणी? हृदयाने. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलणाऱ्या हृदयाला अशा वेळी त्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक काम करावे लागते.

रुग्णालयात ‘स्ट्रेस टेस्ट’ करतात तीही याच तत्त्वावर. तिच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत दर तीन मिनिटांनी चालत्या पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात आणि हृदयाच्या आलेखावर काही फरक दिसतो का, ते पाहतात. वर सांगितलेला ५ टक्क्यांचा चढ हा त्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्याइतके श्रम मागतो, ८ टक्क्यांचा चढ तिसऱ्या टप्प्याकडे नेतो. फरक इतकाच की रुग्णालयात छातीला तारा जोडलेल्या असतात, दंडावर रक्तदाबाचा पट्टा असतो, शेजारी डॉक्टर उभा असतो आणि हृदयाला शॉक देणारे यंत्र हाताशी असते. लोहगडवाडीच्या वळणावर यातले काहीच नसते. तिथे असतात ते पुढे गेलेले मित्र आणि त्यांना गाठायची ईर्ष्या.

हृदयाच्या धमनीत ७० टक्के अडथळा असलेला माणूस खुर्चीत बसल्या जागी ठणठणीत असू शकतो. जिना सावकाश चढला तरी त्याला काही जाणवत नाही. चढावर मात्र हृदयाची गरज वाढते, अरुंद धमनी ती भागवू शकत नाही आणि छाती भरून येते. हे दुखणे नेहमी सिनेमातल्यासारखे नसते. कधी छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखे वाटते, कधी जबडा, डावा हात किंवा पाठ अवघडते, कधी पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते. थांबले की बरे वाटते, म्हणून माणूस त्याला ‘गॅस’ म्हणतो, गोळी चघळतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघतो. मधुमेह असलेल्यांना तर कधी कधी वेदनाही होत नाही. नेहमीच्या चढाला अचानक दम लागणे किंवा गळून जाणे एवढीच खूण असू शकते. श्रमात येणारे आणि विश्रांतीत जाणारे कोणतेही दुखणे, मग ते नाभी ते जबडा यांच्यामध्ये कुठेही असो, हृदयाचे नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच समजावे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे लवकर, वयाच्या ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, असे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले होते. रविवारच्या घोळक्यातले अनेक जण नेमके याच वयाचे असतात.

मग घाट सोडून द्यावा का? मुळीच नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांशी बोलून झटक्याआधीचे श्रम तपासले गेले. जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीपेक्षा वाढतो, हे खरे ठरले. पण किती वाढतो, हे माणसाच्या सवयीवर अवलंबून होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा जोरदार व्यायाम करणाऱ्यांत तो सुमारे अडीचपट झाला, तर ज्यांना एरवी अशा व्यायामाची सवयच नव्हती त्यांच्यात शंभरपटीहून अधिक. त्या एका तासाचा मूळ धोका अत्यल्प असतो, त्यामुळे या आकड्याने घाबरून जाऊ नये. मात्र त्याचा अर्थ स्पष्ट आहे. धोका घाटात नाही. सहा दिवस खुर्चीत बसून सातव्या दिवशी घाटाला भिडण्यात आहे.

या बाबतीत इटलीकडून शिकण्यासारखे काही आहे. तिथे स्पर्धात्मक खेळात उतरणाऱ्या प्रत्येकाला १९८२ पासून वैद्यकीय तपासणी आणि हृदयालेख सक्तीचा आहे. व्हेनेतो प्रांतात १२ ते ३५ वयाच्या खेळाडूंमधील अचानक मृत्यूंचे प्रमाण त्यानंतरच्या दोन दशकांत ८९ टक्क्यांनी घटले. पण हा धडा जसाच्या तसा पन्नाशीला लागू होत नाही. तरुण खेळाडूंत बहुधा जन्मजात दोष असतात आणि त्यातले काही साध्या ईसीजीत दिसतात. चाळिशीनंतरचा मुख्य शत्रू धमनीतला अडथळा असतो आणि विश्रांतीत काढलेला ईसीजी अशा अनेकांत अगदी नॉर्मल येतो. ‘ईसीजी चांगला आला’ म्हणून निर्धास्त होणे म्हणूनच धोक्याचे आहे. उलट, काही त्रास नसलेल्या प्रत्येकाने स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी असेही नाही. धोका कमी असलेल्यांत ती कधी कधी विनाकारण घाबरवते. ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल आहे, जे तंबाखू किंवा सिगारेट घेतात, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला आहे किंवा ज्यांना श्रमात कसलाही त्रास जाणवला आहे, त्यांनी घाटाला लागण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे आणि कोणती तपासणी हवी हे त्यांना ठरवू द्यावे. चाचणी चांगली आली तरी तो जन्मभराचा परवाना नसतो. लहानशा अडथळ्याच्या जागी साठलेली चरबी फुटूनही झटका येतो. तेव्हा शरीर जे सांगते ते दर रविवारी ऐकायचे.

चढावर पाळायचे नियम थोडे आहेत. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावावा. वाक्य तुटू लागले की गिअर हलका करावा किंवा उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. माथ्यावर पोहोचताच एकदम थांबून छायाचित्रे काढू नयेत. तेव्हा रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते, म्हणून पाच मिनिटे हलके पेडल मारत राहावे. रात्रीचे जागरण, आदल्या दिवशीचे मद्य किंवा ताप असेल तर त्या रविवारी घरी थांबावे. छातीत त्रास झाला तर मात्र त्याच जागी थांबून बसावे, १०८ ला फोन लावावा आणि सायकल तिथेच सोडावी. प्रत्येक गटातल्या किमान दोघांना छातीदाबन यायला हवे: छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. डोंगरात रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे त्या दोघांच्याच हातात असतात.

यापेक्षा महत्त्वाचे मात्र सोमवार ते शनिवारचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रावेतहून आकुर्डी किंवा चिंचवडला सायकलवर जाऊन येणाऱ्याचा हा हिशेब व्यायामासाठी वेगळा वेळ न काढता पुरा होतो. एके काळी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या फाटकांतून शिफ्ट सुटताच सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्या कामगारांनी हृदयाच्या व्यायामाचे नावही ऐकले नसेल, पण तो रोज त्यांच्याकडून होत होता. आज तीच माणसे दुचाकीवर आली आहेत आणि सायकल गाडीच्या टपावर बांधून रविवारी डोंगराच्या पायथ्याशी नेली जाते.

याचा सगळा दोष आळसाला देता येणार नाही. कंटेनर आणि डंपरच्या शेजारून रोज सायकल चालवायला शहाणा माणूस धजावत नाही. रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा ओढला म्हणजे सायकल मार्ग झाला असे होत नाही. तो सलग हवा, चौकात तुटणारा नको आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या उचलल्या जायला हव्यात. जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत होऊ शकतात, तर रावेतच्या मुलाला शाळेत आणि कामगाराला कारखान्यात सायकलवर सुखरूप पोहोचवणारा रस्ताही होऊ शकतो. महापालिकेने तो खर्च वाहतुकीच्या खात्यात न मांडता आरोग्याच्या खात्यात मांडून पाहावा. एका अँजिओप्लास्टीच्या खर्चाशी तुलना केली तर तो महाग वाटणार नाही.

लोहगड कुठे जात नाही. सहा महिने रोज अर्धा तास सायकल चालवून मग तिथला चढ चढणाऱ्याला वरून दिसणारे पवनेचे पाणी अधिक निवांतपणे पाहता येईल. आणि घरी दारात वाट पाहणाऱ्यांनाही रविवारचा निवांतपणा लाभेल.