बाळाचे डोके दाबू नका

शेजारची सून परवा विचारत होती, "काका, बाळाचं डोकं मागून चपटं झालंय. सासूबाई रोज तेल लावून दाबतात. गोल होईल का?"

माताभगिनींनो, दाबून डोके गोल होत नाही. मेंदू वाढावा म्हणून बाळाच्या कवटीची हाडे जन्मतः सुटी असतात. सारखे एकाच कुशीवर डोके टेकले की ती बाजू चपटी होते. बाळाला उताणेच निजवावे. मान मात्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवावी. जागेपणी, आपल्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथे ठेवावे. बाळ बसू-रांगू लागले की बहुतेकांचे डोके सुधारते. राईची उशी नको. तोंडावर आली तर श्वास कोंडतो.

परंतु डोक्यावर हाडाचा कंगोरा हाताला लागत असेल, वाकडेपणा वाढत असेल, तर सरकारी रुग्णालयात लगेच दाखवा. हाडांचे सांधे वेळेआधी जुळले असतील तर शस्त्रक्रिया लागते. ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात. "मोठेपणी केसांत झाकेल" म्हणून थांबू नका.

आजीला दोष देऊ नये. तिच्या हाताची माया बाळाला हवीच. दाब तेवढा नको.