स्वस्त जमिनीची किंमत कोण मोजतो?

गेल्या काही वर्षांत आमच्या जमातीच्या व्हाट्सअॅप ग्रुपांवर एक जाहिरात वारंवार फिरते आहे. समुद्र, नारळ, चिकूची वाडी, मुंबईहून लोकलने जाता येईल असे निवांत गाव आणि भाव मुंब्र्यातल्या वन रूम किचनपेक्षा कमी. ‘रिटायरमेंटनंतरचे आयुष्य डहाणूत.’ आखातात तीस वर्षे घालवून परतलेले, शाळेतून निवृत्त झालेले, मुले परदेशी गेलेले असे कितीतरी लोक तिला भुलतात. यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. म्हातारपणी मोकळी हवा हवीशी वाटणे हा गुन्हा नव्हे.

पण एक प्रश्न मला कुणी विचारताना दिसत नाही. ही जमीन स्वस्त का आहे?

आगर, नरपड, चिखले, बोर्डी, घोलवड ही किनाऱ्याची गावे. आगर या शब्दातच बाग आहे आणि मीठही. 2013 च्या एप्रिलपासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढ्या देखण्या आणि मुंबईला जोडलेल्या जागी भाव खरे तर आभाळाला भिडायला हवेत. ते तसे भिडले नाहीत, कारण दोन कुंपणे आहेत. पहिले 20 जून 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेचे. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना सगळी मिळून 500 एकरांची मर्यादा घातली. दुसरे कुंपण जास्त महत्त्वाचे. डहाणू आणि तलासरी हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत, तलासरीत तर दहापैकी नऊ माणसे आदिवासी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यापुढच्या कोणत्याही व्यवहाराला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते.

म्हणजे ज्याला आपण स्वस्ताई म्हणतो ती या कुंपणाची सावली आहे. एजंट तुम्हाला विकतो ते या कुंपणाला पाडलेले भगदाड.

भगदाड कसे पाडतात तेही बघा. पैसे तुमचे, सातबारा वाडीवर राबणाऱ्या गड्याच्या नावावर. किंवा नोटरीचे साठेखत आणि वर कुलमुखत्यारपत्र. किंवा 99 वर्षांचा करार, ‘विक्री नाही हो, फक्त लीज’. कायद्यात लीज हा शब्द सरळ लिहिलेला आहे, तरी लोक फसतात. खरे तर फसत नाहीत, फसल्याचे सोंग घेतात. दुसऱ्याच्या नावावर जमीन घेणे हा बेनामी व्यवहार आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची कैद आहे आणि जमीन जप्त होते ती वेगळीच. अशा जमिनी मूळ आदिवासीला परत देण्याची तरतूद आहे आणि तिची मुदत दशकांनी मोजतात. तुम्ही नसाल तेव्हा तुमच्या नातवाच्या हातात ती नोटीस पडेल.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते. ‘मुंबईत आम्हाला मुसलमान म्हणून घर नाकारतात, सोसायट्या दार लावून घेतात, मग आम्ही जायचे कुठे?’ हा राग खरा आहे, तो मी स्वतः गिळलेला आहे. पण आपल्याला घर नाकारले त्यात वारल्याचा काय दोष? दार लावणारा एक आणि वसुली दुसऱ्याच्या अंगणातून, हा कुठला इन्साफ? वीतभर जमीन नाहक बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास पडेल, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शेताचा बांध सरकवण्यावरून भाऊ भाऊ भांडतात तेव्हा आपण ती ऐकवतो. डहाणूच्या प्लॉटवेळी ती कुणाला आठवत नाही.

‘तो खुशीने विकतो आहे’ हेही नेहमीचेच. या तालुक्यांत खुशीचा इतिहास आहे. थोडे तांदूळ आणि लग्नापुरते पैसे उसने घेऊन माणसे आयुष्यभर वेठीला लागत. त्यांना लग्नगडी म्हणत. त्याही करारावर अंगठा खुशीनेच उठत असे. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले, 10 ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, पाच जण मेले. जमीनदार-सावकार एका धर्माचे नव्हते. त्या यादीत मुसलमान नावे नव्हती असे कुणी मला सांगू नये.

गंमत अशी की हीच माणसे मलेशियाचे स्वप्न बघतात तेव्हा फार शहाणी असतात. तिथे परदेशी माणसाला घर घ्यायचे तर सरकारने ठरवलेल्या किमान किमतीच्या वरचेच घ्यावे लागते. 1913 पासून मलय राखीव जमिनीचा कायदा आहे. ती जमीन मलय नसलेल्याला मिळत नाही, मग तो कितीही पाच वक्तांचा नमाजी असो. आपले हाजीसाहेब ते मुकाट्याने मान्य करतात, ‘त्यांचा देश, त्यांचा कायदा’ म्हणतात. तसाच कायदा तलासरीत भेटला की त्याला ‘टेक्निकल अडचण’ म्हणतात.

बाकी निवृत्तीचे म्हणाल तर जाहिरातीत न छापलेल्या दोन गोष्टी. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत राहिले, धुंदलवाडीच्या आसपास लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. आणि छातीत दुखले तर इथला माणूस वापी, वलसाड किंवा सिल्वासा गाठतो. शिवाय 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. त्याच किनाऱ्याची निवांत सकाळ तुम्हाला विकली जाते आहे.

कुणी विचारेल, मग डहाणूला जायचेच नाही का? जरूर जा. शहरात बिगर शेती परवानगीच्या इमारतीत फ्लॅट घ्या, नाहीतर भाड्याने राहा, भाडे तिथल्याच माणसाला द्या. पण बयाणा देण्याआधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा, जुने फेरफार तलाठ्याकडून मागून घ्या, आणि त्यात एखाद्या वारली, कोकणा, धोडिया, दुबळा कुटुंबाचे नाव दिसले तर एजंटला विचारा की ते कुटुंब आता कुठे राहते. त्याला उत्तर माहीत असते.