क्रूझवरच्या लिलावात चित्र घेतलं, तर नाशिकमध्ये तक्रार करता येईल?

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. अशा बातम्या वाचलेल्यांना क्रूझवरचा लिलावही तसाच वाटतो. तसा तो नसतो.

हुसेन यांचं ते चित्र जगात एकच आहे. जहाजावर मात्र बहुतेकदा छापील प्रती विकल्या जातात, एकेका चित्राच्या शेकडो. त्यामुळे चुरस लागतच नाही. त्याच भावात चार जणांना चार प्रती मिळतात. हातात फुकटची शॅम्पेन, किमतीचं प्रमाणपत्र विक्रेत्याचंच, आणि भर समुद्रात इंटरनेट महाग. घरी येऊन तीच प्रत ऑनलाइन शोधली, की अनेकदा फारच कमी भाव दिसतो.

मग तक्रार? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातही ती करता येते. मात्र चित्र पुन्हा विकून नफा कमावण्यासाठी घेतलं असेल, तर 'तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप येऊ शकतो. शिवाय विक्रेता अमेरिकेत, जहाजाची नोंदणी बहामामध्ये, आणि वाद कुठल्या कोर्टात चालेल हे पावतीमागच्या बारीक अक्षरांत. निकाल बाजूने लागेलही, पण वसुली कुणाकडून करणार?

चित्र भारतात आणताना सीमाशुल्क लागू शकतं, ते वेगळंच.