दोन क्लास, मग सुटका!

न्यू जर्सीहून मंद्याचा फोन. "यार, बँकरप्सी फाइल करतोय. पण त्याआधी क्लास लावावा लागतोय!" मला वाटलं, पठ्ठ्या मस्करी करतोय. नाही हो! 2005 मध्ये अमेरिकेतला कायदा बदलला आणि तेव्हापासून नोकरदार माणसाला दिवाळखोरी हवी असेल, तर दोनदा शिकवणी घ्यावी लागते.

पहिली, अर्जाआधीच्या 180 दिवसांत : क्रेडिट काउन्सेलिंग. तास-दीड तास, फोनवर किंवा नेटवरही चालतं. पगार किती, खर्च किती, दिवाळं न काढता कर्ज फिटेल का, याचा हिशेब. सल्ला मानलाच पाहिजे असं नाही, पण सर्टिफिकेट हवंच. दुसरी, अर्जानंतर : बजेट कसं करायचं, कार्ड कसं वापरायचं. साधारण दोन तास. ही दुसरी राहून गेली, तर केस बंद होते आणि कर्ज तसंच डोक्यावर!

संस्था मात्र सरकारमान्यच हवी. फी सहसा 50 डॉलरपर्यंत. ऐपत नसेल तर माफीही मिळते.

मंद्या म्हणाला, "काउन्सेलरने विचारलं, महिन्याला बाहेर खाण्यावर किती उडवता? मला सांगताच येईना रे."

फोन ठेवला आणि गुपचूप माझ्या कार्डाचं स्टेटमेंट उघडलं. तुम्हीही उघडा. हा क्लास आपल्याला आजच करता येतो. फुकटात आणि दिवाळं निघायच्या आत!