पंधरा वर्षांची सोबत



अलीकडे आमच्या कुरुंदवाडसारख्या लहान गावातही ज्येष्ठांच्या घरी लांब केसांचे, चपट्या नाकाचे पर्शियन मांजर दिसू लागले आहे. मुले नोकरीनिमित्त दूर असतात. आईवडिलांना सोबत व्हावी म्हणून ती पिल्लू आणून देतात. हेतू उत्तमच असतो. तथापि होकार देण्यापूर्वी वर्षांचा हिशेब अवश्य मांडावा.

चांगली निगा राखल्यास हे मांजर साधारणतः 12 ते 15 वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. म्हणजेच सत्तराव्या वर्षी आणलेल्या पिल्लाची जबाबदारी आपल्या पंच्याऐंशीपर्यंत पोहोचू शकते. ‘माझ्यानंतर, किंवा मी रुग्णालयात असताना, याला कोण पाहील?’ या प्रश्नाचे उत्तर एका व्यक्तीच्या नावाने देता आले पाहिजे, आणि त्या व्यक्तीची संमतीही आधीच घेतलेली असावी.

जन्मतः सुमारे 100 ग्रॅम वजनाचे हे पिल्लू पूर्ण वाढीस दीड ते दोन वर्षे घेते. प्रौढ मांजराचे वजन बहुधा 3 ते 5 किलो भरते. पहिल्या वर्षी ते खेळकर असते आणि चालताना पायांत घुटमळते. तोल जाणाऱ्या किंवा हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीस हा काळ जोखमीचा ठरतो. रात्री शौचास उठण्यापूर्वी दिवा लावावा. शक्य असल्यास पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचे मांजर आणावे. त्याचा स्वभाव कळलेला असतो आणि वर्षांचा हिशेबही हलका होतो.

स्वभावाने ही जात शांत. आवाज मंद, उड्या बेताच्या, दिनक्रम ठरलेला; अनोळखी माणसांपेक्षा परिचित खुर्ची अधिक प्रिय. म्हणूनच वार्धक्याशी तिचे जुळते. मात्र हे शांतपण कष्टाविना लाभत नाही. केस रोज विंचरावे लागतात, अन्यथा त्यांच्या गाठी होतात. सांधेदुखीने बोटे आखडलेली असल्यास हे काम कोण करणार, तेही ठरवावे. चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहते आणि उन्हाळ्यात श्वासाचा त्रास होतो. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकारही या जातीत आढळतो. पिल्लाच्या आईवडिलांची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे.

आता आपल्या आरोग्याविषयी. दमा किंवा ॲलर्जी असल्यास निर्णयापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. मांजर चावल्यास जखम वरून लहान दिसली तरी खोल असते. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही तसेच रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये. ओरखड्याकडेही दुर्लक्ष नको. मांजराला रेबीजची लस वेळेवर द्यावी.

औषधांची पेटी बंद ठेवावी. आपल्या घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आला म्हणून आपली गोळी त्याला कदापि देऊ नये. कांदा-लसणाचे पदार्थही त्याला घालू नयेत.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यापूर्वी झाकणाची जाळीदार टोपली, चार दिवसांचे खाद्य आणि लसीकरणाची नोंदवही एकत्र बांधून ठेवावी. घर सोडण्याची वेळ येताच मांजर पलंगाखाली दडते. त्याला शोधण्यात आपला जीव धोक्यात येऊ नये, म्हणून टोपलीत बसण्याची सवय त्याला आधीपासूनच लावावी.

मुलांनाही एक विनंती. पिल्लू आणण्यापूर्वी आईवडिलांना विचारा. आणि त्यांना जमेनासे झाल्यावर ते मांजर आपल्या घरी नेण्याची तयारी असेल, तरच ही भेट द्या. तेवढी तयारी असेल, तर मांडीवर विसावलेला हा मुका सोबती घरातील दुपारचे एकटेपण खरोखर हलके करील.