लांकडी जहाजें आणि अपुरा जमाखर्च

जो व्यापारी जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहितो आणि खर्चाची एखादी अडचणीची रक्कम वहींत चढवीतच नाहीं, त्याची पेढी वहीपूजनाच्या दिवशीं कितीही झळकली, तरी जाणता मनुष्य त्याच्या वहीवर विश्वास ठेवीत नाहीं. राष्ट्रांच्या पराक्रमाच्या वह्यांनाही हाच नियम लागू आहे. अमेरिकेच्या आरमाराचा पाया ज्या सहा शिडांच्या लांकडी फ्रिगेटांनीं घातला, त्यांची हकीकत या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे.

स्वातंत्र्ययुद्ध 1783 मध्यें संपलें आणि 1785 मध्यें त्या नव्या राष्ट्रानें आपलें उरलेंसुरलें लढाऊ जहाजही विकून टाकलें. कर्जबाजारी देशाला आरमार म्हणजे चैन वाटली. पण व्यापार समुद्रावर पसरलेला, आणि ब्रिटिश निशाणाचें छत्र गेलेलें! अल्जीयर्सच्या चांच्यांनीं 1785 मध्यें दोन व 1793 मध्यें अकरा अमेरिकन जहाजें धरलीं, आणि शंभराहून अधिक खलाशी तेथें गुलामगिरींत पडले. खंडणी द्यावी कीं जहाजें बांधावीं, हा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या सभेपुढें आला. आरमार बांधलें म्हणजे कर्ज वाढेल, युद्धाची खुमखुमी वाढेल, सरकारच्या हातीं नको तितकी सत्ता जाईल, असे आक्षेप निघाले. ते पोरकट नव्हते. अखेर 10 मार्च 1794 रोजीं 50 विरुद्ध 39 मतांनीं ठराव झाला आणि 27 मार्च रोजीं वॉशिंग्टन यांनीं कायद्यावर सही केली. मंजुरी होती 6,88,888 डॉलर व 82 सेंटांची. आणि अल्जीयर्सशीं तह झाल्यास काम थांबवावें, अशी अटही त्यांतच होती. सेंटापर्यंतचा हा हिशेब उघड्या सभेंत झाला, याबद्दल त्या पिढीस आम्ही पूर्ण श्रेय देतों.

जहाजांचा मुख्य आराखडा फिलाडेल्फियाच्या जोशुआ हंफ्रीज यांचा. इंग्लंडइतकीं जहाजें आपल्यास बांधतां येणार नाहींत, तेव्हां जीं बांधावयाचीं तीं अशीं असावीं कीं आपल्या जातीच्या कोणत्याही जहाजास तीं भारी पडावीं, आणि मोठें जहाज अंगावर आलें तर वेगानें निसटावीं, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या 44 तोफांच्या जहाजाची एकंदर लांबी 204 फूट. आंतबाहेर व्हाइट ओकच्या फळ्या आणि मध्यें लाइव्ह ओक या अतिशय कठीण लांकडाच्या दाट बसविलेल्या फासळ्या, अशी त्याची तिहेरी भिंत होती. काम मुद्दाम बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, नॉरफोक व पोर्ट्समथ अशा सहा बंदरांत वांटून दिलें, म्हणजे पैसाही वांटला गेला आणि आपलेपणाही.

पण खर्च फुगला, वेळ लांबला, आणि मध्येंच अल्जीयर्सशीं तह झाला. काम बंद पडण्याची वेळ आली. शेवटीं तीनच जहाजें पुरीं करण्यास परवानगी मिळाली व तीं 1797 मध्यें पाण्यांत उतरलीं. एकट्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ला तीन लक्ष दोन हजारांहून अधिक डॉलर लागले. मात्र त्या तहाचा एकंदर खर्च सुमारें दहा लक्ष डॉलर झाला, शिवाय अल्जीयर्सच्या अधिपतीस एक नवें कोरें फ्रिगेट नजर करावें लागलें! महाग म्हणून जहाजें नाकारणारांनीं खंडणीचा भाव विचारलाच नव्हता.

आमच्या व्यापारी वाचकांनीं पुढील गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. 1798 मध्यें फ्रान्सशीं समुद्रावर झटापटी सुरू झाल्या, तेव्हां बंदरांबंदरांतील व्यापाऱ्यांनीं वर्गण्या जमवून सरकारास जहाजें बांधून दिलीं. सेलम गांवच्या लोकांचें ‘एसेक्स’ हें फ्रिगेट 1799 मध्यें तयार झालें. हा निव्वळ दानधर्म नव्हता. वर्गणीबद्दल सहा टक्के व्याजाचे सरकारी रोखे मिळावयाचे होते. पण संकटाच्या वेळीं तिजोरीस कुलूप न घालतां ती उघडणारा व्यापारी देशाचा खरा भागीदार होतो, हें त्यांनीं दाखविलें. राहिलेलीं तीन सरकारी जहाजेंही 1800 पर्यंत पुरीं झालीं.

1812 च्या युद्धांत या खर्चाचें चीज झालें. 19 ऑगस्ट रोजीं ‘कॉन्स्टिट्यूशन’नें ‘गेरिएर’ या ब्रिटिश फ्रिगेटास निकामी केलें. शत्रूचे गोळे तिच्या भिंतींवरून परततांना पाहून खलाशांनीं तिला लोखंडी अंगाची म्हटलें. अपयशही आलें: ‘चेसापीक’ 1813 मध्यें पंधरा मिनिटांच्या आंतच शत्रूच्या हातीं गेली. तथापि जगांतील सर्वांत बलाढ्य आरमारास नव्या राष्ट्राची दखल घ्यावी लागली.

आतां जी रक्कम वहींत चढली नाहीं, तिच्याकडे वळूं. लाइव्ह ओक मिळे तो जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील दलदलीच्या बेटांत. उत्तरेकडून पाठविलेले लांकूडतोडे तेथें तापानें आजारी पडले. कांहीं मेले, पुष्कळ परत गेले. मग तें काम मळेवाल्यांच्या नीग्रो गुलामांकडून करून घेण्यांत आलें. घाम त्यांचा, मोबदला धन्याचा! अल्जीयर्सच्या साखळदंडांतील शंभर-सव्वाशें देशबांधवांसाठीं जें राष्ट्र तळमळत होतें, त्यानें त्यांच्या सुटकेच्या जहाजांचें लांकूड साखळदंडांतील हातांकडूनच तोडून घेतलें. कोणी म्हणेल, ती त्या काळची रीतच होती. पण गुलामगिरीविरुद्धचे अर्ज 1790 मध्येंच त्याच सभेपुढें आले होते, आणि त्यांपैकीं एकावर खुद्द बेंजामिन फ्रँकलिन यांची सही होती. अर्थात् दोष दिसत नव्हता असें नाहीं. तो पाहावयाचा नव्हता.

परक्याच्या वहींत बोट घालणारानें आपलीही वही उघडली पाहिजे. 29 डिसेंबर 1812 रोजीं ‘कॉन्स्टिट्यूशन’नें ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ हें ब्रिटिश फ्रिगेट जिंकलें, तें पूर्वेकडे निघालें होतें. त्यावर मुंबईस बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठीं तांब्याचे पत्रे होते, आणि मुंबईस मोठ्या हुद्द्यावर निघालेले जनरल हिस्लॉप होते; हेच गृहस्थ पुढें 1817 मध्यें महिदपूर येथें होळकरांच्या फौजेविरुद्ध उभे राहिले. म्हणजे त्या काळीं मुंबईची गोदी ब्रिटिश आरमारास जहाजें पुरवीत होती. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं 1817 मध्यें पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी फ्रिगेट इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही सुस्थितींत आहे, आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनच्या पाण्यावर आहे. कसब आमच्या हातांत कमी नव्हतें. हुकूम आमचा नव्हता. वाडियांचें नांव इतिहासानें राखलें, ही आनंदाची गोष्ट. पण ज्या सुतारांनीं तें सागवान तासलें, ज्या लोहारांनीं खिळे ठोकले, त्यांच्यांतील किती नांवें आमच्यापैकीं कोणास सांगतां येतील?

आतां हुकूम आमचा आहे. माझगांवच्या गोदींत बांधलेलें ‘नीलगिरी’ 1972 मध्यें नौदलांत दाखल झालें, आणि तेव्हांपासून अशीं अनेक जहाजें देशांतच तयार झालीं. म्हणून आमचें मागणें साधें आहे. नवें जहाज पाण्यांत उतरेल तेव्हां त्याच्या किंमतीबरोबर, त्यावर राबलेल्या कायम व कंत्राटी कामगारांची संख्या, त्यांस मिळालेली मजुरी आणि कामावर जखमी वा मृत झालेल्यांची व त्यांस दिलेल्या भरपाईची माहितीही लोकांपुढें मांडावी. आणि जहाजाच्या एखाद्या भिंतीवर त्या हातांचीं नांवें कोरावीं. याला फार खर्च नाहीं. एक पितळी पत्रा आणि थोडी लाज एवढी सामग्री पुरे.

1925 नंतर मोडकळीस आलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या दुरुस्तीसाठीं अमेरिकेंतील शाळकरी मुलांनीं पैसा पैसा जमविला. मुलांना जहाजाचा अभिमान शिकवावा, हें उत्तमच. पण तें कोणाच्या हातांनीं उभें राहिलें, हेंही त्याच धड्यांत शिकवावें. खर्चाची सर्व बाजू लिहून झाल्यावर जी शिल्लक उरते, तीच राष्ट्राची खरी कीर्ति होय.