कर 12 लाखांपर्यंत शून्य, शिष्यवृत्ती मात्र अडीच लाखांवरच

"12 लाखांपर्यंत कर नाही" ही 2025 च्या अर्थसंकल्पातली घोषणा आपल्या वस्त्यांतही गाजली. पण म्हणून विवरणपत्र भरायचे नाही, असे नव्हे. नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा 4 लाखांचीच आहे. त्यापुढचा कर सवलतीमुळे शून्य होतो आणि ती सवलत विवरणपत्रातच घ्यावी लागते. वर्षाला 6 लाखांची पहिली नोकरी लागलेल्या तरुणांनी मुदत चुकवली, तर कर शून्य असूनही 5 हजार रुपये विलंब शुल्क बसते.

खरा अन्याय दुसऱ्या रेषेचा आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. 2014 मध्ये करमुक्त मर्यादाही तेवढीच झाली होती. पुढे कराची रेषा 3 आणि मग 4 लाखांवर सरकली, शिष्यवृत्तीची जागची हलली नाही. महिना 22 हजार कमावणारा बाप आयकर खात्याच्या लेखी विवरणपत्र भरण्याइतकाही कमावत नाही; शिष्यवृत्तीच्या लेखी मात्र तो सधन!

महाराष्ट्रात अशा मुलांना फ्रीशिप मिळते, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सुटते. निर्वाह भत्ता जातो. खोलीभाडे, खानावळ बापाच्या त्याच 22 हजारांतून. आणि 2019 पासूनच्या आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला 8 लाखांची मर्यादा चालते.

शिष्यवृत्तीची मर्यादा किमान करमुक्त मर्यादेशी जोडा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी निवेदनात आकड्यांसह मांडायला हवी.